सदूमामांची सातांची रांग

ये शालू, जवळ येऊन बस. तू तिकडे आणि मी इकडे, हे मला कळतं. पण कागद हातात धरून तरी जरा टेकून बस. उभ्या उभ्या वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. आणि आधी बोलणी खा. तीन वर्षं झाली, मावशीच्या दाराची कडी वाजवली नाहीस. बोलावलं की तुझं एकच उत्तर, ‘मावशी, मी एकटीच मजेत आहे, काळजी करू नकोस.’ हेच वाक्य, असंच मान उडवून, मी फार पूर्वी एका माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांचं नाव सदूमामा. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. म्हणून आज रागावणं अर्धं ठेवते आणि त्यांच्याबद्दल सांगते.

जळगाव जामोदला आमच्या घरामागे त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा, कडेला मेथीचे दोन वाफे. मळ्याच्या बांधालगतच्या रस्त्यावरून नांदुऱ्याची बस जायची. बसचा आवाज आला की मामा हातातलं खुरपं खाली ठेवायचे आणि जो कोणी जवळ असेल त्याला विचारायचे, “नंबर काय हाय रे गाडीचा?” स्वतःला दिसायचं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कुणी सांगावं, “दोन हजार सत्तेचाळीस.” मामा दोन-चार पावलं चालत, ओठ हलवत आणि म्हणत, “संसारी गाडी हाय. तेवीस रांगा, रांगेत नव्व्याऐंशी.” दुसऱ्या दिवशी एकोणीसशे तेरा नंबरची यायची. मग वेळ लागायचा. गाडी वळणापलीकडे जायची तरी मामा उभेच. शेवटी म्हणायचे, “हे एकांडी. कोनाच्या वाफ्यात बसत नाई.” गावातली टवाळ माणसं मुद्दाम विचारायची, “मामा, एकांड्या गाडीत बसावं का?” मामा म्हणायचे, “बस ना बाबू. पन शेजारचा बोलला नाई त मले सांगू नको.”

हे एकांडं आणि संसारी काय, ते मला पहिल्याच भेटीत कळलं. लग्न होऊन मला चार महिने झाले होते. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, किलो आणि ग्रॅम नवे होते, आणि त्या घरात मीही नवी होते. शिक्षण दुसरी पास. तुझे काका तहसिलीत कारकून. सकाळी गेले की दिवे लागताना यायचे. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्या मला कामं सांगायच्या, बोलायच्या नाहीत. एक दिवस वांगी आणायला त्यांनी मला मळ्यात पाठवलं. मामा वाफ्याकाठी उकिडवे बसले होते, पुढे मिरचीच्या रोपांचा ढीग.

“बाई, तुमचे डोये चांगले हायेत. मोजा बरं हे रोपं.”

मी मोजली. एक्क्याण्णव भरली.

“आता लावा सारख्या रांगांत. एकबी उरलं नाई पाह्यजे.”

मी मातीवर बोटानं रेघा ओढत बसले. दहाच्या रांगा केल्या, एक उरलं. नऊच्या केल्या, तरी एकच उरलं. आठच्या केल्या, तर तीन. मी म्हटलं, “नाही बसत.” मामा काही बोलले नाहीत. घाई नाही, हसणं नाही, ‘दे इकडे’ नाही. नुसते थांबले. शालू, त्या चार महिन्यांत मला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेला तो पहिला माणूस. मग मी सातानं पाहिलं. सात रांगा, तेरा तेरा रोपं, एकही उरलं नाही. मामांचा चेहरा असा खुलला की जणू रोपांना तिथेच मिरच्या लागल्या.

“एक्क्याण्णव वरून दिसते एकांडा, पन हाय संसारी,” ते म्हणाले. “आकडे अन् मानसं, वरून समजत नाई पोरी. मांडून पाहा लागते.”

घरी गेले तर सासूबाई दारातच. “वांगी आणायला गेली होतीस की लावायला?” मी टोपली खाली ठेवली. पण दुसऱ्या दिवशी भाजी संपायच्या आतच मी टोपली उचलली.

मामा चौथीपर्यंत शिकलेले. पाढे तीसपर्यंत आणि वर पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. बाकी सारं गणित ते वाफ्यात शिकले होते. त्यांनी मला मोठे भागाकार शिकवले, पाटीवर. पाटी त्यांचीच, एका कोपऱ्यात फुटलेली. एकांडे आकडे कसे शोधायचे तेही शिकवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी आकडे ओळीनं लिहायची आणि मामा बाजूला बसून पंगतीतल्या वाढप्यासारखे हुकूम सोडायचे. “हे समदे पंगतीत बसले समज. आता दोनाले राहू दे, अन् त्याचे पाहुने उठव. चार, सहा, आठ, चला उठा. आता तिनाचे उठव.” असं करत करत जे शेवटपर्यंत बसून राहिले, ते एकांडे. एकदा मी चुकून सदतीसला उठवलं तर म्हणाले, “काऊन वं, त्याचं काय चुकलं? जेवू दे त्याले.”

मामा स्वतःही एकांडेच होते. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूलबाळ नाही. सात भावंडांत ते सातवे. मधले पाचही जण एकेक करून गेलेले. उरल्या होत्या फक्त पहिल्या, अक्का. त्या दुसरबीडला दिल्या होत्या. नांदतं घर, मुलगे, सुना, नातवंडं. जिल्ह्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बसा बदलत अक्का दर दिवाळीला यायच्या आणि एकच म्हणायच्या, “सदू, चल माझ्याकडं.” मामा मान उडवायचे, “मी एकटाच मजेत हाओ, अक्का.”

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी तिथेच होते. अक्कांनी ओवाळलं. मामांनी चाचपडत लुगडं काढून ताटात ठेवलं. हात ताटाऐवजी निरांजनावर गेला आणि बोट भाजलं. अक्कांनी ते पाहिलं. लुगडं उचलून त्यांनी परत मामांच्या मांडीवर ठेवलं. चाळीस वर्षं तिकडे राहून त्यांचं बोलणं तिकडचं झालं होतं.

“मला लुगडं नगं. यंदा ओवाळणीत तू चल. तुला दिसंना झालंय सदू. हिरीवर जातोस तवा मला तिकडं घास उतरत नाही.”

भाऊबीजेच्या ताटावर बहिणीनं मागितलेलं नाकारायचं कसं? आणि मळा सोडायचा कसा? मामा कितीतरी वेळ बोट चोळत बसले. लोक अशा वेळी देवाला कौल लावतात, मूर्तीला फूल चिकटवून कुठल्या बाजूचं पडतं ते पाहतात. मामांनी आकड्याला कौल लावला.

“अक्का, आपन सात जन होतो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. वयानं लायनीत मांड. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट होते. हा आकडा किती वर्सांचा माह्या डोक्यात हाय. फुटला, सारख्या रांगांत बसला, त येतो तुह्याकडं. एकांडा निंगाला त पुन्हा मले म्हनू नको.”

“आन् फोडणार कोण? तुला तर दिसत नाही.”

मामांनी माझ्याकडे बोट केलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. “बाई, नीट कर गं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची भांडी झाली की मी मळ्यात. आकडा मोठा, पण मामांचा हिशोब पक्का होता. “अकराशे अकरा रांगा, रांगेत अकराशे अकराच रोपं, असा चौकोन केला त बारा लाख चौतीस हजार तीनशे एकवीस बसतेत. आपल्यापाशी वर दोनशे सेहेचाळीसच हायेत. म्हनून अकराशे अकराच्या आतच पाहाचं. त्याच्या आत नाई फुटला त कुठंच फुटत नाई.” आतले एकांडे मोजले, एकशे शहाऐंशी निघाले. म्हणजे एकशे शहाऐंशी भागाकार. दोनानं जात नाही, पाचानं जात नाही, ते दिसतच होतं. तिनासाठी आकड्यांची बेरीज केली, अठ्ठावीस, एक उरला. साताला पाच उरले. अकराला चार. तेराला नऊ. मी पाटीवर मांडायची, मामा तोंडानं पडताळायचे आणि मी एका वहीत लिहायची, अमुकला बाकी तमुक. कधी दोन व्हायचे, कधी तीन. एखादा चुकला की मामा पाटी पुसून म्हणायचे, “आता त्याले नव्यानं विचार. इज्जतीनं विचार.”

थंडी पडली. मामांची नजर आणखी गेली. आता ते पायांनी पाण्याचा दांड शोधत चालायचे. माझ्यावर भरवसा बसला तसं तोंडी पडताळणंही सुटलं, मी सांगेन ती बाकी ते खरी धरायचे. एकशे तेराला बेचाळीस उरले, तिथवर सगळं एखाद्या खेळासारखं चाललं होतं. त्याच्या पुढचा एकांडा एकशे सत्तावीस.

बाराशे चौतीसात नऊ वेळा गेला, खाली एक्क्याण्णव. तेच एक्क्याण्णव, पहिल्या दिवसाचं. मला हसू आलं. पुढे सात वेळा गेला, सव्वीस उरले. मग दोनदा, बारा उरले. शेवटचा सात खाली उतरवला आणि पाहिलं तर खाली एकशे सत्तावीस आणि भागायचं तेही एकशे सत्तावीस. एकदा गेला. खाली काही उरलं नाही. शून्य.

मी पाटीकडे बघत राहिले. मामा पलीकडे मेथीला पाणी देत होते. पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं आणि त्यांना ते दिसत नव्हतं.

“किती उरले वं?” त्यांनी विचारलं.

शालू, मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. उद्या दुपारी मी कुठे जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, “एक.”

“एक? फक्त एकानं वाचला म्हन की.” मामा हसले. “लिव.”

मी वहीत लिहिलं, एकशे सत्तावीसला बाकी एक. आणि पाटी पुसली.

त्यानंतर एकशे पंचावन्न भागाकार राहिले होते. ते मी सगळे केले, एकही चुकवला नाही. आकडा फुटलेला आहे हे मला ठाऊक, तरी रोज त्याला विचारत होते, तू फुटतोस का. चैत्रात शेवटचा संपला. मामांनी गुळाचा खडा आणवून माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, “अक्काले कार्ड लिव.” तेही मीच लिहिलं, माझ्या अक्षरात. ‘आकडा एकांडा निघाला. सदू इथेच राहील. काळजी करू नये.’ टपालपेटीत टाकताना ते कार्ड माझ्या बोटांना चिकटल्यासारखं झालं. टाकलं, पण.

पाऊस लागला आणि बांध निसरडे झाले. एका दुपारी मी गेले तर विहिरीच्या काठाशी, मोटेचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्यात, मामा बसलेले. भिजलेले, डावा हात उजव्यात धरलेला. विहिरीचं तोंड तिथून चार हातांवर. ते ओरडत नव्हते. एकोणतिसाचा पाढा म्हणत होते.

“घाबरू नको,” मला म्हणाले. “कोनी येईलोक पाढा म्हनत होतो. तिसऱ्यांदा चालू हाय.”

हाड मोडलं होतं. वैद्यांनी बांबूच्या कामट्या लावून बांधून दिलं. त्या रात्री मला अक्कांचा घास आठवला आणि माझाही उतरला नाही. सकाळी मी वही घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. एकशे सत्तावीसला काही उरत नाही, मामा. मी खोटं लिहिलं.

त्यांनी विचारलं, “भागाकार किती आला होता?”

“नऊ हजार सातशे एकवीस.”

मामांनी डोळे मिटले. कामट्यांत बांधलेला हात मांडीवर. ओठ हलू लागले. “शंभर रांगांचे नऊ लाख बहात्तर हजार शंभर. सत्तावीस रांगांचे…” इथे खूप वेळ गेला. “दोन लाख बासष्ट हजार चारशे सदुसष्ट.” मग बेरीज. ती त्यांनी मोठ्यानं केली नाही. फक्त मान हलवली.

“घरी जाय,” म्हणाले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. टोपली घेऊन गेले तर पाठ करून म्हणाले, “आज वांगे नाई.” समोर झाडं वांग्यांनी लगडलेली होती. तिसऱ्या दिवशी मी जाऊन नुसती बांधावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला.

“मले खोटं सांगतलं असतं त चाललं असतं. मी मानूस हाओ, इसरून जाईन. आकड्याले काऊन खोटं बोलाले लावलं? तो बिचारा खरं सांगून राह्यला होता.”

मी रडत होते. ते जवळ आले, पायानं बांध चाचपत, आणि शेजारी बसले.

“तू लिवलं बाकी एक. तो एक कोन, ते मले समजलं,” ते म्हणाले. “मलेबी जावं वाटत नाई, पोरी. पन आता अक्काची ओवायनी देनं हाय. कार्ड लिव.”

दुसरं कार्डही मीच लिहिलं. ‘आकडा फुटला. सदू येतो.’ एका ओळीचं ते कार्ड लिहायला मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मळा मामांनी पुतण्यांच्या हवाली केला. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, “एक काम राह्यलं. एकशे सत्तावीस एकांडा हाय, ते ठाव हाय. पन तो नऊ हजार सातशे एकवीस कोन हाय? तो पुढं फुटते का पाहा.” अठ्ठ्याण्णवच्या आतले पंचवीस एकांडे तपासायचे होते. त्या एका दुपारी आम्ही पंचवीसही तपासले आणि ह्या वेळी प्रत्येक बाकी मामांनी तोंडी पडताळून घेतली. त्रेचाळीसला तीन उरले. एकोणऐंशीला चार. शेवटी सत्त्याण्णव, त्याला एकवीस उरले. मी सांगितलं, “नाही फुटत, मामा. एकांडा आहे.”

मामांनी पाटीवरून बोट फिरवलं. मग हलकेच म्हणाले, “सात जनांची रांग. फोडली त दोघंच निंगाले, अन् दोघंबी एकांडे. मी अन् अक्का. आकड्याले समदं ठाव होतं पाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांना आणि सोबतीला निघालेल्या एका पुतण्याला गाडीत बसवायला अर्धं गाव जमलं होतं. टवाळांपैकी एक जण म्हणाला, “मामा, गाडीचा नंबर एकोणीसशे सत्तावीस. बसाचं का नाई?” मामांनी माझ्याकडे तोंड केलं. “आज मी नाई सांगत. हे सांगन.” मी मनात मांडू लागले. सात, अकरा, तेरा, सतरा. कंडक्टरनं घंटी दिली. एकोणीस, तेवीस, एकोणतीस. बस हलली. मामा खिडकीतून माझ्या दिशेनं बघत होते, वाट बघत, तसेच थांबलेले. सदतीसलाही उरले. बस वळणापलीकडे गेली आणि मग एक्केचाळीसनं बरोब्बर गेला. एक्केचाळीस रांगा, रांगेत सत्तेचाळीस. मी ते त्याच दिवशी कार्डावर लिहून धाडलं. ‘संसारी गाडी होती, मामा.’

उत्तर आलं, अक्कांच्या सुनेच्या अक्षरात, पण बोल मामांचे. ‘माहीत होतं. तुह्यासाठी गप होतो. इथं माह्यासकट अकरा जन जेवाले बसतात. अकरा एकांडा आकडा हाय, पन पंगत भरलेली दिसते.’

सात वर्षं आमची कार्डं चालली. ते एखादा आकडा पाठवायचे, मी फोडून परत धाडायची. त्याच भागाकारांवर पुढे मी बाहेरून परीक्षा दिल्या आणि बालवाडीत लागले, ते तुला ठाऊक आहे. शेवटचं कार्ड सुनेचं होतं. मामा पहाटे झोपेतच गेले, अक्कांच्या शेजारच्या खोलीत. उशाशी भरलेला तांब्या होता आणि पायाशी नातवंडं झोपलेली होती. थारोळ्यात एकटे पाढा म्हणत गेले नाहीत. शालू, त्या शून्याची मी एक बाकी केली होती, ती तशीच ठेवली असती तर काय झालं असतं, हे मी आजही कधी कधी मनात मांडून पाहते.

तर तुझं ते ‘एकटीच मजेत’ मी ऐकलं. तुझ्यावर विश्वासही ठेवते. पण तू तिकडे एकांडी, तुझे काका गेल्यापासून मी इकडे एकांडी, आणि फोडल्यावर उरलेल्या दोघींनी एका वाफ्यात चार दिवस बसायला काय हरकत आहे? मिरचीची रोपं आणून ठेवली आहेत. माझे डोळेही आता मोजायला कुरकुरतात. ह्या महिन्यातच ये. आणि बसमध्ये चढण्याआधी गाडीचा नंबर नीट पाहून ये. दारातच विचारणार आहे, आणि तू सांगेपर्यंत थांबणार आहे.